खालच्या आवाजाची जागा

"जीभ बाहेर काढा. आता लांब 'ई' म्हणा."

गॉजच्या तुकड्यात मी त्याची जीभ धरली होती. दुसऱ्या हातातला छोटा गोल आरसा स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करून त्याच्या घशाशी नेला होता. माझ्या खुर्चीत मावत नव्हता एवढा मोठा माणूस. सत्तावन्न वर्षांचा, पिकल्या भुवयांचा, गुडघे टेबलाला टेकलेले. त्यानं 'ई' म्हटलं. आवाज निघाला, मध्येच फाटला, पुन्हा निघाला.

आरशात जे दिसलं ते पाहून मी आरसा बाहेर काढला, पुन्हा कोमट केला आणि पुन्हा पाहिलं.

"धुळीनं ना?" दाराशी उभ्या असलेल्या धनपालकाकांनी मराठीत विचारलं. "अगं, पुण्याहून येताना सगळीकडं रस्त्याची कामं. नुसता फुफाटा. एखादी गोळी दे, गुळण्या सांग. साडेसहाला कार्यक्रम आहे, वासंती."

ही दोन हजार चारच्या जानेवारीतली गोष्ट. मिरजेत किल्ला भागात माझा कान-नाक-घशाचा दवाखाना होता, अजून आहे. धनपालकाका खोत हे माझ्या वडिलांचे मित्र. गावातल्या संगीत मंडळाचे चिटणीस. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं आणि उरलेला वेळ गाण्यात घातला. त्या वर्षी त्यांनी कुठून कुठून पत्रव्यवहार करून फिनलंडचा एक गायकांचा संच मिरजेला आणला होता. 'लुमिपोल्कु' असं त्याचं नाव, म्हणजे बर्फातली पायवाट. तीन बायका, तीन पुरुष. पेटी नाही, तबला नाही, तंबोरासुद्धा नाही. सहा गळे, बस्स. ज्या गावात गल्लीगल्लीत तंबोरे तयार होतात तिथं वाद्याशिवाय गाणारी माणसं येणार, याचंच लोकांना केवढं अप्रूप होतं. काकांनी महिनाभर आधीपासून दारोदारी सांगितलं होतं.

खुर्चीतला माणूस त्यांच्यातला सगळ्यात खालचा आवाज. वेइक्को त्याचं नाव. तिकडे उत्तरेला ओउलू नावाच्या गावी पोस्टात पत्रं निवडायच्या कामावर होता आणि सव्वीस वर्षं या संचात गात होता. त्याच्याबरोबर संचाची प्रमुख किर्स्ती आली होती. बारीक चणीची, कानाच्या वर कापलेले पांढरे केस. दवाखान्यात शिरताना दोघांनीही न सांगता बूट बाहेर काढून ठेवले होते. मी नको म्हटलं तर किर्स्ती म्हणाली, "आमच्याकडेही घरात बूट चालत नाहीत." टेबलावरचा माझा नादचिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, पाहून ती हसली आणि तिनं खिशातून स्वतःचा काढून दाखवला. माझा कान तपासायचा, तिचा सूर घ्यायचा.

"किती दिवसांपासून आवाज बसलाय?" मी वेइक्कोला इंग्रजीत विचारलं.

"नोव्हेंबरपासून. येतो, जातो."

"सिगारेट?"

"चाळिशीपर्यंत. पुष्कळ."

डाव्या स्वरतंतूवर, पुढच्या बाजूला, खरबरीत पांढरा डाग होता. कडेनं लाली. धुळीनं असं होत नाही. गेल्या अकरा वर्षांत मी असे डाग किती पाहिले होते ते मला बोटांवर सांगता आलं असतं, आणि त्यातले बहुतेक काय निघाले तेही.

तो माझ्याकडे पाहत होता. किर्स्ती माझ्याकडे पाहत होती. काका घड्याळाकडे पाहत होते. मी आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रेकडे बघतच म्हणाले, "थोडी सूज आहे. वाफ घ्या. घरी गेल्यावर एकदा तिथल्या डॉक्टरांना दाखवा."

"आज गाऊ शकेन?"

"जपून."

त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली. दारात वाकून बूट घातले. काका जाता जाता म्हणाले, "वाचवलंस गं बाई." रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी तशीच आरसा धुवायला बेसिनपाशी गेले.

तो आरसा मी किती वेळ धूत होते कोण जाणे. मग डबा उघडला, तसाच झाकला. तीनला दोन पेशंट होते, त्यांना तपासलं. मग दवाखाना बंद केला आणि चालत शाळेच्या सभागृहाकडे निघाले.

सभागृहात खुर्च्या लावणं चाललं होतं. रंगमंचावर ते सहा जण अर्धवर्तुळात उभे होते. किर्स्तीनं नादचिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, ओठ न उघडता एक सूर दिला, आणि सहाही जणांनी एकदम श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज मला मागच्या दारापर्यंत ऐकू आला. मग गाणं सुरू झालं.

गाण्यातलं मला फारसं कळत नाही. वडील ऐकायचे, मी शेजारी बसून अभ्यास करायची, तेवढंच. पण त्या दिवशी मला एवढं कळलं की वरचे पाच आवाज कशावर तरी उभे आहेत. घराखाली जोतं असावं तसा तो खालचा आवाज होता. तो वेगळा ऐकूही येत नव्हता, नुसता पायांना कळत होता. आणि दुसऱ्या कडव्यात तो फाटला. क्षणभरच. शेजारच्या माणसानं लगेच आपला सूर खाली आणून ती फट झाकली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांना सवय झाली होती हे मला दिसलं. दोन महिने ते असंच झाकत होते.

गाणं संपल्यावर मी रंगमंचाजवळ गेले. "वेइक्को, जरा बाहेर येता?"

सभागृहाच्या मागे चार पायऱ्या आहेत, पुढे शाळेचं मैदान. तिथं मुलं खो-खो खेळत होती. आम्ही पायरीवर बसलो. माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका होती. तिच्या कोऱ्या बाजूवर मी पेननं दोन स्वरतंतू काढले आणि डाव्या रेघेवर एक ठिपका केला.

"मी दुपारी तुम्हाला पूर्ण सांगितलं नाही," मी म्हणाले. "ही सूज नाही. हा डाग आहे. मला वाटतं हा कॅन्सर असू शकतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. पण थांबायचं नाही. दौरा संपेपर्यंतसुद्धा नाही. घरी जा आणि पहिल्या आठवड्यात तपासून घ्या. हे लवकर सापडलं तर बरं होतं."

तो चित्राकडे बघत राहिला. आपल्याकडे असं काही सांगितलं की माणूस लगेच काहीतरी बोलतो. नाही म्हणतो, देवाचं नाव घेतो, बायकोला हाक मारतो. हा माणूस त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसला. मैदानावर एक मुलगी बाद झाली, तिनं भांडण केलं, भांडण मिटलं, खेळ पुन्हा सुरू झाला.

"दुपारी हे तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग दुपारी का नाही सांगितलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी निघून जाणारा परका माणूस, म्हणून सांगता आलं असेल.

अडीच वर्षांपूर्वी शिवमूर्ती हेरवाडे नावाचे गृहस्थ माझ्याकडे आले होते. एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. मिरजेत त्यांचा चेहरा थोड्यांनाच माहीत होता, आवाज सगळ्यांना. घसा बसला म्हणून आले. मी आरसा घातला, आणि जे आज पाहिलं तेच पाहिलं. शेजारी त्यांची बायको बसली होती, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर. मला पहिली पत्रिका त्यांनी दिली. मी म्हणाले, "थोडी सूज आहे. लग्न होऊन जाऊ दे, मग एकदा येऊन दाखवा." ते आले, आठ महिन्यांनी. श्वास घेता येत नव्हता. गळ्याला भोक पाडून नळी घातली. पुढचे चार महिने ते पाटीवर लिहून बोलत होते. त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मग ते गेले.

"त्यानंतर प्रत्येक घशात मी आधी त्यांचा घसा बघते," मी म्हणाले. "आज बघितला, आणि तरीही तेच वाक्य बोलले. शब्दन् शब्द तेच. मार्चअखेर दवाखाना बंद करायचं मी जवळजवळ ठरवलंय."

वेइक्कोनं कार्यक्रमपत्रिकेची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"कीतोस," तो म्हणाला. मग इंग्रजीत, "आमच्याकडे आभार मानायला हाच शब्द आहे. तुम्ही चालत आलात."

"आज गाऊ नका. बोलूही नका. कुजबुजणं तर अजिबात नको, त्यानं ताण जास्त पडतो."

त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि हसला. खिशातून एक छोटी वही काढली. तिच्यावर लिहिलं : 'किर्स्तीला तुम्ही सांगा.'

किर्स्तीनं ऐकून घेतलं. तिनं वेइक्कोची बाही धरली. बाकीचे चौघे जवळ आले. त्यांच्या भाषेत फार थोडे शब्द बोलले गेले. मग काका आले, आणि खरी पंचाईत तेव्हा झाली.

"म्हणजे कार्यक्रम रद्द?" काकांचा चेहरा उतरला. "चारशे माणसं येणार आहेत. जयसिंगपूरहून, कोल्हापूरहून."

"काका, रद्द नाही. ते पाच जण गातील."

"पण खालचा आवाज? त्याशिवाय कसं?" ते एकदम उत्साहानं म्हणाले, "थांब. आपल्या गावात तंबोऱ्यांना काय तोटा? दोन नाही, चार लावून मागं बसवतो. खर्जाचे."

मी ते किर्स्तीला सांगितलं. तिनं काकांना हात जोडले. "वाद्य नको. आम्ही सव्वीस वर्षं वाद्याशिवाय उभे राहिलो. त्याची जागा रिकामी राहू दे."

वेइक्कोनं वहीत काहीतरी लिहून तिला दाखवलं. तिनं वाचलं, आधी मान हलवली, मग पुन्हा वाचलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

साडेसहाला सभागृह भरलं. मागे माणसं उभी होती. सहाही जण रंगमंचावर आले आणि वेइक्को आपल्या नेहमीच्या जागी, उजवीकडून दुसरा, उभा राहिला. किर्स्ती म्हणाली, आणि काकांनी माइकवरून मराठीत सांगितलं, "आमचे वेइक्को आज डॉक्टरांच्या सांगण्यावरून गाणार नाहीत. पण ते इथंच उभे राहतील. तुम्हाला कुठं काही कमी वाटलं तर ती त्यांची जागा आहे."

मी दुसऱ्या रांगेत होते. किर्स्तीनं सूर दिला. श्वास सहा जणांनी घेतला, आवाज पाचच निघाले. वेइक्कोची छाती भरत होती, रिकामी होत होती, ओठ हलत होते. तळ्याच्या पलीकडून गाई हाकारणाऱ्या बाईचं गाणं झालं. नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्यांचं झालं. एक अंगाई झाली, ती ऐकून माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं मांडीवर झोपलेल्या नातवाला उगाचच थोपटलं. सगळं सुंदर होतं, आणि सगळ्याखाली काहीतरी नव्हतं. गाणाऱ्या गावाला ते कळत होतं. टाळ्या व्हायच्या त्याही जरा जपून.

शेवटच्या गाण्याआधी वेइक्को आपली जागा सोडून पुढे आला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. काका माइकपाशी गेले, वेइक्कोचे शब्द मराठीत लिहून घेतलेला कागद त्यांनी चष्म्याजवळ धरला.

"हे गाणं बर्फ फुटायची वाट बघणाऱ्या बायकांचं आहे," ते वाचू लागले. "वरच्या ओळी बायकांच्या. खालची ओळ बर्फाची. ती म्हणजे एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती मी म्हणतो. आज माझ्या वतीनं..." काका थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आज माझ्या वतीनं ती तुम्ही म्हणाल का?"

किर्स्तीनं नादचिमटा आपटला आणि सूर दिला. वेइक्कोनं उजवा हात पुढे केला, तळवा खाली, आणि सावकाश खाली आणला. आणखी खाली, असं म्हणत असल्यासारखा.

पहिला सूर काकांनी लावला. बहात्तर वर्षांचे काका, माइक बाजूला सारून, डोळे मिटून. मग पहिल्या रांगेतल्या तंबोरेवाल्यांनी. मिरजेच्या माणसाला षड्ज धरायला शिकवावं लागत नाही. रांगेमागून रांग त्यात मिसळली. बायकांनी तो आपल्या पट्टीत धरला, मागं उभ्या असलेल्यांनी धरला. कुणाचा श्वास संपला की शेजारचा चालू असायचा. खुर्चीच्या दांडीवर ठेवलेल्या माझ्या हाताला तो कळत होता. आणि त्याच्यावर ते पाच आवाज वर चढले, कसलीही चिंता नसल्यासारखे.

वेइक्कोचा हात हलला नाही. तो आमच्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मी गात होते हे मला गाणं संपल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. पुढचे दोन कार्यक्रम त्यांनी सोडून दिले होते. गाडीत सामान चढत असताना वेइक्को माझ्यापाशी आला आणि वहीतलं एक पान मला दाखवलं.

'त्या माणसाच्या घरी कोण आहे?'

"बायको," मी म्हणाले. "मुलगी सासरी."

त्यानं खाली लिहिलं : 'त्यांना माहीत आहे?'

मी मान हलवली. नाही. त्यानं पान फाडून माझ्या हातात दिलं आणि गाडीत बसला.

मार्च संपला. दवाखाना मी बंद केला नाही, पण हेरवाड्यांच्या घरीही गेले नाही. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. काय सांगणार होते मी? आणि सांगून ते थोडेच परत येणार होते?

मे महिन्यात पत्र आलं. पाकिटावर बगळ्यासारख्या पक्ष्याचं तिकीट, शिक्का अगदी नीट, तिकिटाच्या कोपऱ्यावर. पोस्टातल्या माणसाचं काम.

'प्रिय डॉक्टर,' वेइक्कोनं लिहिलं होतं. 'तुम्ही म्हणालात तेच निघालं. पहिल्या पायरीवरच सापडलं. तेहतीस दिवस किरणं घेतली. इथले डॉक्टर म्हणतात, बरा होईन. त्यांनी विचारलं, इतक्या लवकर कुणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, मिरज. त्यांना नकाशात दाखवावं लागलं. आवाज परत येतोय, पण पहिल्याइतका खोल नाही. किर्स्तीनं मला मधल्या ओळीत उभं केलंय आणि खालच्या ओळीला एक तरुण मुलगी, हो, मुलगीच, शोधून आणली आहे. मधून गाताना पहिल्यांदाच मला सगळे आवाज ऐकू येतात. तुमच्या गावाला माझा नमस्कार सांगा.'

हेरवाड्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

पत्र पर्समध्ये टाकून मी तडक हेरवाड्यांच्या घरी निघाले. दुपारचे चार वाजले होते. त्यांची बायको, गौराबाई, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काढत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला.

"डाक्टरीनबाई? या की. वर या. उन्हात हुबा राहू नका, हितं सावलीला बसा."

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. पहिल्या दिवशी काय दिसलं होतं, काय सांगायला हवं होतं, काय सांगितलं. लग्नाच्या पिशवीकडे बघून धीर झाला नाही, हेही. मध्ये एकदा आवाज फुटला, तरी थांबले नाही. त्या हातात कुरडई धरून ऐकत राहिल्या.

"तुमी तवा त्यांच्या तोंडाकडं बघून बोलला न्हाईसा," त्या म्हणाल्या. "मला तवाच वाटलं हुतं. पन म्याबी इचारलं न्हाई. लगीन हुतं न्हवं पोरीचं. इचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं."

"चूक माझी होती, गौराबाई."

"हुती की," त्या म्हणाल्या. सरळ, माझ्याकडे बघून. मग कुरडई डब्यात ठेवली. "लई दिस राग हुता मला तुमचा. तुमी मातीला आला न्हाईसा, तवा तर लईच."

मी त्यांच्याकडे बघत मान डोलावली.

"आता सांगता का दुसऱ्याला सरळ?"

"सांगते." आणि मग मी त्यांना वेइक्कोचं सांगितलं. सभागृहाच्या पायऱ्या, चारशे माणसांचा सूर, पत्र. पत्र काढून दाखवलंही. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, तिकिटावरच्या पक्ष्यावरून बोट फिरवलं.

"जगला म्हना की."

"जगला. गातोयसुद्धा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला, तो थोडा वेळ तसाच राहू दिला. "ह्येंचाबी आवाज लई मोठा हुता. सांगलीची गाडी लागली की घरात आमाला कळायचं." मग पदर खाली घेऊन त्या उठल्या. "बसा. च्या टाकते. आन त्याला कागद लिवशीला तवा माझंबी लिवा. म्हनावं, मिरजंची गौराबाई हेरवाडे खुशाली इचारती."

संध्याकाळी घरी येऊन मी वेइक्कोला पत्र लिहिलं. गौराबाईंचा निरोप पहिल्याच ओळीत.